ताटाशेजारी हात

खाणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत,
आई म्हणायची, तवा उतरवता उतरवता.
मी आता त्याचाच पगार घेते.

एरंडवण्यात, दवाखान्याच्या तळघरात,
जिथे पूर्वी एक्स-रेच्या फिल्मा वाळायच्या,
दर मंगळवारी आम्ही सात जणी
पडद्यावरच्या भाताकडे बघून आकडे लिहायचो.
हिंगमिरे बाईंनी आधीच सगळं तोलून ठेवलेलं.
पोहे नव्वद ग्रॅम, पोहे एकशे तीस,
फोटोत दोन्ही सारखेच,
दोन्हींवर तेवढंच खोबरं.

वरून काढलेल्या फोटोत वाटीचा तळ खोटं बोलतो.
मोठ्या ताटात भात अंग चोरतो.
मूद दिसते डोंगराएवढी, भरते ऐंशी ग्रॅम.
तूप सगळेच विसरतात.
स्टीलच्या वाटीच्या पोटात
फोटो काढणारा दिसतो, एवढासा,
ट्यूबलाइटखाली, दोन्ही हातांत फोन धरून.
त्याच्याकडे बघायचं नाही, बाई म्हणायच्या,
आमटी बघा.

माझा भात नेहमी कमी निघायचा.
"तुझ्या घरी कोण वाढतं गं?" त्यांनी विचारलं एकदा
आणि उत्तराआधीच पुढचं ताट लावलं.

मग खरे पेशंट.
त्यांना फोनवर सांगायचं,
ताटाशेजारी दहाचं नाणं ठेवा, मापाला.
घोरपडे पेठेतल्या गजराबाई पायगुडे म्हणाल्या,
"पैसा कुणाकुणाच्या हातचा,
तो अन्नाजवळ? मी नाही ठेवायची."
त्यांनी हात ठेवला.
चार बोटं जुळवून, ताटाच्या कडेला टेकून,
हिरव्या बांगड्या सहा, करंगळी जरा वाकडी.
नातू फोटो काढायचा, गणवेशातच.

मी त्यांना बोलावून टेपने मोजलं:
चार बोटं, सात सेंटिमीटर.
"ब्लाउज शिवतेस काय माझ्या हाताला?" म्हणाल्या.

दिवाळीनंतर भाकरी लहान होत गेली.
अठराची सतरा, सतराची साडेसोळा,
पंधरवड्यात सोळा.
मी वहीत लिहिलं, भूक मंदावली आहे.
फोन केला, मावशी, अजून चतकोर खा.
"खाते की तेवढीच. परात तीच, हात तोच."

हात तोच.

हिंगमिरे बाईंनी फोटो ओळीने लावले
आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.
भाकरीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.
"बांगड्या बघ."
पहिल्या फोटोत सैल, एकमेकींवर कललेल्या.
शेवटच्यात सहाच्या सहा जागच्या जागी
मांसात रुतून ताठ उभ्या.
भाकरी कधीच लहान झाली नव्हती.
माझी पट्टी सुजत होती.

त्याच संध्याकाळी रिक्षातून आणलं त्यांना.
मूत्रपिंडं, डॉक्टर म्हणाले,
उशीर झालाय, पण फार नाही.
नर्सने साबण लावून बांगड्या काढल्या.
त्यातल्या दोन वाढवल्या;
फुटल्या म्हणायचं नाही, गजराबाईंनी मला दटावलं,
सुजलेल्या तोंडाने.
माझी चतकोर त्यांनी खाल्लीच नव्हती.
"तुला वाईट नको वाटायला म्हणून हो म्हटलं."

आता मंगळवारी मी शिकवते.
सगळ्यात शेवटी तो फोटो लावते, काही न सांगता.
पेनं चालू होतात.
भाकरी एक, पिठलं अर्धी वाटी, कांदा.
मागच्या बाकावरची तन्झीला मुजावर
अजून काहीच लिहीत नाही,
मान तिरकी करून बघत बसलीय
वाटीच्या पोटातल्या नातवाकडे.

मी तिला पिठलं बघ म्हणत नाही.